सर्वांत जास्त की निम्म्याहून जास्त? मेन राज्यातील पसंतीक्रम मतदानाचा आढावा

मराठीत आपण 'बहुमत' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. पाच जणांच्या लढतीत कुणी ३५ टक्के मते घेऊन पुढे राहिला तरी तो 'बहुमताने निवडून आला' असे सहज म्हणून जातो. आणि विधानसभेत १४५ चा आकडा गाठला की त्यालाही बहुमतच म्हणतो. पहिल्या ठिकाणी अर्थ असतो सर्वांत जास्त मते, दुसऱ्या ठिकाणी निम्म्याहून जास्त. रोजच्या बोलण्यात या ढिलाईने फारसे बिघडत नाही. पण अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे जेमतेम चौदा लाख वस्तीचे राज्य आहे, तिथे या दोन अर्थांमधल्या अंतराने दीडशे वर्षे राजकारण ढवळून काढले. २०१६ मध्ये तिथल्या मतदारांनी सार्वमताने आपली मतदानाचीच पद्धत बदलली. अमेरिकेत राज्य पातळीवर असे करणारे ते पहिले राज्य. त्यानंतर जे घडले ते सुधारणेचे स्वागत करणाऱ्यांनी आणि तिला विरोध करणाऱ्यांनी, दोघांनीही नीट पाहण्यासारखे आहे.

आधी पद्धत समजून घेऊ. मतपत्रिकेवर एकाच नावापुढे खूण न करता मतदार पहिली पसंती, दुसरी, तिसरी असा क्रम लावतो. पहिल्या पसंतीची मते मोजून कुणाला निम्म्याहून जास्त मिळाली तर तिथेच निकाल. नाही मिळाली, तर सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांच्यावरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. महाराष्ट्रात विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात ज्यांनी मत दिले आहे, त्यांना हे नव्याने सांगायला नको. मतदान केंद्रावर दिलेल्याच पेनाने नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे, मग मतमोजणीत कोटा, बाद फेऱ्या, आणि रात्र उलटून गेली तरी निकालाची वाट पाहणारे कार्यकर्ते. आपल्याकडे ही पद्धत पदवीधर, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांच्यापुरती राहिली. मेनने ती सगळ्यांच्या हाती दिली.

आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतले एक उदाहरण इथे फार उपयोगी पडते. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यात सामना होता, आणि तिसरे उमेदवार होते रायगडचे सुपुत्र, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. पहिल्या पसंतीच्या मोजणीत गिरींचे मतमूल्य ४,०१,५१५, रेड्डींचे ३,१३,५४८ आणि देशमुखांचे १,१२,७६९ भरले. विजयासाठी ४,१८,१६९ लागत होते. देशमुख स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर उभे होते, त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती बहुतांशी रेड्डींकडे वळली. फेऱ्या संपल्या तेव्हा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. जवळजवळ ८८ हजारांची आघाडी १५ हजारांवर आली होती. दुसऱ्या पसंतीवर निकाल लागलेली आपल्याकडची ती एकमेव राष्ट्रपती निवडणूक. तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाला मत देणाऱ्यांचे म्हणणेही शेवटच्या मोजणीत धरले जाते, हे या पद्धतीचे मर्म त्या आकड्यांत दिसते.

आता मेनकडे. १८२० मध्ये हे राज्य झाले तेव्हा त्याच्या घटनेत गव्हर्नर निम्म्याहून जास्त मतांनी निवडला जावा अशी अट होती. (आपले राज्यपाल नेमले जातात. अमेरिकेतला गव्हर्नर लोक निवडतात आणि राज्याचा कारभार तोच चालवतो, तेव्हा त्याला आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागी समजावे.) कुणालाच तेवढी मते मिळाली नाहीत तर निवड विधिमंडळाकडे जाई. दोन उमेदवार असेपर्यंत हे ठीक चालले. १८७८ मध्ये तिसरा पक्ष जोरात आला आणि मतांचे तीन तुकडे झाले. निवड विधिमंडळात गेली, तिथे तडजोडी झाल्या आणि लोकांच्या मतांत तिसऱ्या क्रमांकावर असलेले अलोन्झो गार्सेलॉन गव्हर्नर झाले! पुढच्या वर्षी पुन्हा कुणालाच निम्म्यावर मते मिळाली नाहीत. या खेपेला विधिमंडळात कोण निवडून आले यावरूनच तंटा पेटला, मतमोजणीच्या कागदांत खोट काढून निकाल फिरवल्याचे आरोप झाले आणि राजधानी ऑगस्टामध्ये शस्त्रे घेतलेले जमाव गोळा झाले. जानेवारी १८८० मध्ये राज्याच्या सैन्याचे प्रमुख जोशुआ चेंबरलेन यांना बोलावावे लागले. यादवी युद्धात गेटिसबर्गच्या टेकडीवर नाव कमावलेला हा सेनानी बारा दिवस विधान भवनात ठाण मांडून बसला. दोन्ही बाजूंचे दडपण झुगारून, न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत त्याने रक्तपात होऊ दिला नाही. त्या बारा दिवसांची धास्ती राज्याने इतकी घेतली की त्याच वर्षी घटना दुरुस्त झाली. 'निम्म्याहून जास्त' गेले, 'सर्वांत जास्त' आले.

ही दुरुस्ती त्या काळी शहाणपणाचीच होती. पण तिची किंमत नंतरच्या पिढ्यांनी मोजली. मेनच्या मतदारांना अपक्षांचे वावडे नाही. १९७४ मध्ये जेम्स लाँगली हे अपक्ष ३९ टक्क्यांवर गव्हर्नर झाले, १९९४ मध्ये अँगस किंग हे अपक्ष ३५ टक्क्यांवर. २००६ मध्ये डेमोक्रॅट जॉन बाल्डाची ३८ टक्क्यांवर पुन्हा निवडून आले. तेव्हा ज्यांचा माणूस आला त्यांना त्यात काही खुपले नाही. २०१० ने मात्र सहनशक्ती संपवली. रिपब्लिकन पॉल लपाज यांना ३७.६ टक्के, अपक्ष इलियट कटलर यांना ३५.९ टक्के आणि डेमोक्रॅट लिबी मिचेल यांना जेमतेम १९ टक्के मते मिळाली. लपाज दहा हजारांहून कमी मतांच्या फरकाने गव्हर्नर झाले. कठोर भाषा आणि टोकाची भूमिका ही त्यांची ओळख होती, त्यामुळे 'साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी यांना मत दिलेच नाही' हे वाक्य पुढची चार वर्षे लोकांच्या तोंडी राहिले. २०१४ मध्ये कटलर पुन्हा उभे राहिले. मते फुटतील या भीतीने अँगस किंग यांनी शेवटच्या आठवड्यात आपला पाठिंबा कटलर यांच्याकडून काढून डेमोक्रॅट माइक मिशो यांना दिला. तरी लपाज ४८ टक्क्यांवर पुन्हा आले. 'मते खाणारा उमेदवार' ही आपल्याकडची शिवी मेनमध्ये कटलर यांच्या वाट्याला आली.

त्याच मतदानाच्या दिवशी, ४ नोव्हेंबर २०१४ ला, मतदान केंद्रांबाहेर टेबले मांडून स्वयंसेवकांनी सार्वमताच्या मागणीसाठी सह्या गोळा करायला सुरुवात केली. मेनमध्ये नागरिक सह्या जमवून थेट कायदाच लोकांपुढे मांडू शकतात. त्यासाठी आधीच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या दहा टक्के, म्हणजे या वेळी ६१,१२३ सह्या लागणार होत्या. सह्यांची ही मोहीम कुठल्याही पक्षाची नव्हती. मुळातला अनुभवही घरचाच होता, कारण पोर्टलंड या सर्वांत मोठ्या शहराने २०११ मध्ये आपला महापौर याच पद्धतीने, पंधरा उमेदवारांतून निवडला होता. विधिमंडळात यापूर्वी आलेली अशी विधेयके पडली होती. सार्वमताचा रस्ता त्यामुळेच धरला गेला.

८ नोव्हेंबर २०१६ ला मतपत्रिकेवर सहा प्रश्न होते. गांजा कायदेशीर करणे, किमान वेतन वाढवणे असे लोकांना चटकन कळणारे प्रश्न आधीचे, पसंतीक्रमाचा पाचवा. बाजूने ३,८८,२७३, विरोधात ३,५६,६२१. म्हणजे ५२ टक्के. सुधारणेच्या बाजूचे लोक त्या रात्री आनंदात होते. पण खरा पेच कायदा मंजूर झाल्यावर सुरू झाला.

१८८० ची ती दुरुस्ती घटनेत होतीच. राज्याच्या सिनेटने राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले आणि २३ मे २०१७ ला सातही न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले, की गव्हर्नर आणि राज्याच्या दोन्ही सभागृहांच्या सार्वत्रिक निवडणुकांत हा कायदा घटनेशी जुळत नाही. घटना 'सर्वांत जास्त मते' म्हणते. पहिल्या मोजणीत जो पुढे तो विजयी. फेऱ्या घेऊन निकाल पुढे नेता येणार नाही. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका आणि केंद्रातल्या सिनेट व प्रतिनिधीगृहाच्या निवडणुका मात्र या घटनाकलमाच्या बाहेर होत्या. माझ्या मते न्यायालयाने चूक केली नाही. कायदा आणण्याआधी घटनेतला तो शब्द पाहायला हवा होता, आणि मोहिमेतल्या लोकांना त्याची कल्पना नव्हती असेही नाही. हा आक्षेप मतदानापूर्वीच उघडपणे मांडला गेला होता. ज्या गव्हर्नर निवडणुकीच्या रागातून सुधारणा जन्मली, तीच तिच्या कक्षेतून निसटली.

विधिमंडळाने मग संधी साधली. ऑक्टोबर २०१७ मध्ये विशेष अधिवेशन घेऊन सगळाच कायदा डिसेंबर २०२१ पर्यंत लांबणीवर टाकला. तोवर घटना दुरुस्त झाली नाही तर तो आपोआप रद्द होणार होता. ज्या भागाला न्यायालयाची हरकत नव्हती, तोही यात गेला. लोकांनी दिलेला कौल लोकप्रतिनिधींनी असा गुंडाळावा, हे या साऱ्या प्रकरणातले सर्वांत खेदाचे पान आहे.

मेनच्या घटनेत त्यावरही उपाय आहे, त्याला 'जनतेचा नकाराधिकार' म्हणतात. विधिमंडळाने केलेला कायदा अधिवेशन संपल्यापासून नव्वद दिवसांत सह्या जमवून लोकांपुढे नेता येतो. पुन्हा तोच ६१,१२३ चा आकडा. हे नव्वद दिवस पडले नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे मेनच्या हाडे गोठवणाऱ्या हिवाळ्यात. बर्फात उभे राहून स्वयंसेवकांनी पुन्हा सह्या घेतल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये हव्या त्याहून कितीतरी जास्त नेऊन दिल्या. १२ जून २०१८ ला एक विलक्षण गोष्ट घडली. त्या दिवशी प्राथमिक निवडणुकीत लोकांनी पहिल्यांदा पसंतीक्रमाने मत दिले आणि त्याच मतदानात ही पद्धत ठेवायची की नाही याचाही कौल दिला. पद्धत हाताळून पाहत असतानाच तिचा निवाडा! सुमारे ५४ टक्के लोकांनी ती ठेवली. २०१६ पेक्षा पाठिंबा वाढला होता. डेमोक्रॅटिक पक्षाची गव्हर्नरपदाची उमेदवारी जॅनेट मिल्स यांना चार फेऱ्यांनंतर मिळाली.

खरी कसोटी नोव्हेंबरात लागली. मेनच्या दुसऱ्या मतदारसंघात, म्हणजे राज्याच्या उत्तरेकडच्या विस्तीर्ण जंगली आणि ग्रामीण पट्ट्यात, रिपब्लिकन खासदार ब्रूस पॉलिक्विन यांना १,३४,१८४ मते पडली, डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन यांना १,३२,०१३. पॉलिक्विन २,१७१ मतांनी पुढे होते. जुन्या पद्धतीत तिथेच पेढे वाटले गेले असते. पण टिफनी बाँड आणि विल होर या दोन अपक्षांनी मिळून २३,४२७ मते घेतली होती आणि कुणीच निम्म्यावर नव्हते. गावोगावच्या मतपत्रिका आणि मोजणीचा तपशील ऑगस्टाला आणून दुसरी पसंती मोजली गेली. अपक्षांच्या मतांतली १०,४२७ गोल्डन यांच्याकडे गेली, ४,७४७ पॉलिक्विन यांच्याकडे. अखेर १,४२,४४० विरुद्ध १,३८,९३१. गोल्डन ३,५०९ मतांनी विजयी. या मतदारसंघात विद्यमान खासदार पराभूत होण्याची ही १९१६ नंतरची पहिलीच वेळ. अमेरिकेच्या इतिहासात केंद्रीय प्रतिनिधीगृहाचा सदस्य या पद्धतीने निवडला जाण्याचीही पहिलीच.

पॉलिक्विन केंद्रीय न्यायालयात गेले. न्यायाधीश लान्स वॉकर यांनी दावा फेटाळला. केंद्रीय प्रतिनिधी 'सर्वांत जास्त मतांनीच' निवडावा असे अमेरिकेच्या घटनेत कुठे लिहिलेले नाही, असे त्यांचे म्हणणे. वॉकर यांना ट्रम्प यांनी नेमले होते, म्हणून या निकालाला वजन आले. लपाज यांनी पद सोडण्याआधी गोल्डन यांच्या निवडीच्या प्रमाणपत्रावर सही केली, पण सहीशेजारी 'चोरलेली निवडणूक' असे शब्द लिहून. ३७ टक्क्यांवर गव्हर्नर झालेल्या माणसाने असे लिहावे, हे मला पटत नाही.

तरीही विरोधकांच्या एका मुद्द्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. अपक्षांच्या २३,४२७ मतांपैकी ८,२५३ दोघांपैकी कुणाकडेच गेली नाहीत. त्या मतदारांनी पुढची पसंती लिहिलीच नव्हती, किंवा दोन्ही मोठ्या उमेदवारांना वगळले होते. असे मत आपण 'संपलेले' म्हणू. आता गोल्डन यांची १,४२,४४० मते शेवटच्या फेरीतल्या मतांच्या ५०.६ टक्के होतात, पण पहिल्या फेरीत मोजलेल्या सगळ्या मतांच्या ४९.२ टक्केच. 'या पद्धतीत विजयी उमेदवाराला नेहमी निम्म्याहून जास्त मतदारांचा कौल असतो' हे समर्थकांचे वाक्य म्हणूनच तंतोतंत खरे नाही. शेवटपर्यंत टिकलेल्या मतांतले बहुमत त्याला असते, एवढेच. एवढेही मला पुरेसे मोलाचे वाटते, कारण पसंती न लिहिण्याचा निर्णय मतदाराचा असतो, त्याच्यावर लादलेला नसतो. पण सार्वमत मागताना लोकांना पूर्ण गोष्ट सांगावी. अर्धी सांगितली की निकालानंतर ती उलटते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो अलास्काने समोर आणला. २०२० मध्ये अलास्काच्या मतदारांनी १,७४,०३२ विरुद्ध १,७०,२५१ अशा निसटत्या फरकाने पसंतीक्रम स्वीकारला. ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅट मेरी पेल्टोला, रिपब्लिकन सारा पेलिन आणि रिपब्लिकन निक बेगिच असे तिघे होते. बेगिच पहिल्या पसंतीत तिसरे, म्हणून बाद झाले, आणि पेल्टोला जिंकल्या. अलास्काच्या मूळ रहिवासी समाजातून संसदेत गेलेल्या त्या पहिल्या. पण मतपत्रिकांचा सगळा तपशील नंतर तपासला तेव्हा असे दिसले की बेगिच यांची पेल्टोलांशी समोरासमोर लढत झाली असती तर ते जिंकले असते, आणि पेलिन यांच्याशी झाली असती तरीही. जो दोघींनाही हरवू शकत होता, तोच सर्वांत आधी बाहेर पडला. व्हर्मांटमधल्या बर्लिंग्टन शहरात २००९ मध्ये असेच झाले होते आणि पुढच्याच वर्षी शहराने पद्धत मोडीत काढली; नंतर ती टप्प्याटप्प्याने परत आणली. हा दोष क्वचित दिसतो, पण खरा आहे. जुन्या पद्धतीत तो नाही असे मात्र नव्हे. तिथे दुसरी पसंती लिहिलेलीच नसते, म्हणून तो कुणाला दिसत नाही.

मेनच्या वाटेने किती राज्ये गेली? फार थोडी. जवळच्या मॅसॅच्युसेट्सने २०२० मध्ये जवळजवळ ५५ टक्क्यांनी नकार दिला. समर्थकांकडे पैसा भरपूर होता आणि विरोधात मोठी मोहीमही नव्हती, तरी हे झाले. नेवाडाने २०२२ मध्ये होकार दिला, पण तिथे घटनादुरुस्तीला दोनदा मंजुरी लागते, आणि २०२४ मध्ये लोक फिरले. २०२४ हे वर्ष एकूणच वाईट गेले. कोलोरॅडो, आयडाहो, ओरेगन सगळीकडे नकार. मिसुरीने तर घटनेतच बंदी घातली. फ्लोरिडा आणि टेनेसी यांनी बंदीचे कायदे २०२२ मध्येच केले होते. २०२४ मध्येच अलास्कात ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव साडेसातशेहून कमी मतांनी पडला, म्हणजे ती केसाच्या अंतराने वाचली. राजधानी वॉशिंग्टनने मात्र मोठ्या बहुमताने ती घेतली. विरोध एकाच पक्षाचा आहे हा समजही खरा नाही. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरांना व जिल्ह्यांना ही मोकळीक देणारे विधेयक फार किचकट म्हणून नाकारले होते. ज्याचे आसन जुन्या पद्धतीने बसले आहे, त्याला नवी पद्धत नेहमीच किचकट वाटते.

मेनमध्ये जमले ते इतरत्र का नाही, याचे माझे उत्तर साधे आहे. मेनच्या मतदाराला दुखणे ठाऊक होते. लाँगली, किंग, बाल्डाची, लपाज ही नावे त्याच्या आठवणीत होती, आणि आपले मत वाया जाण्याची भीती त्याने २०१४ च्या शेवटच्या आठवड्यात स्वतः अनुभवली होती. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त मतांनी येत आला आहे. तिथे औषध आले, रोग दिसला नाही. २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो आणि नेवाडा इथे पसंतीक्रमाला सर्वपक्षीय खुल्या प्राथमिक निवडणुकीची जोड दिली होती. एका मतात दोन बदल मागितले की दोन्हींचे विरोधक एकत्र येतात. भरपूर निधी आणि राष्ट्रीय संस्थांचा पाठिंबा त्यावर मात करू शकला नाही.

मेनमध्ये दरम्यान ही पद्धत रुळली. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठीही ती लागू झाली. ती रोखण्यासाठी रिपब्लिकन पक्षाने जनतेचा नकाराधिकार वापरून पाहिला, पण सह्यांच्या वादात तो न्यायालयात टिकला नाही. त्या वर्षी सिनेटसाठी सुझन कॉलिन्स पहिल्याच मोजणीत ५१ टक्क्यांवर निवडून आल्या आणि दुसऱ्या फेरीची वेळच आली नाही. २०२२ मध्ये गोल्डन आणि पॉलिक्विन पुन्हा समोरासमोर आले, पुन्हा दुसरी मोजणी झाली, आणि या वेळी 'चोरी'चा आवाज कुठे मोठा झाला नाही.

गव्हर्नरपदाची घटनादुरुस्ती व्हायची तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि त्यावर मतदारांची मंजुरी लागते. ती दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत. २०१८ आणि २०२२ मध्ये मेनच्या मतदाराने एकाच मतदानात केंद्रातल्या उमेदवारांपुढे पसंतीचा क्रम लावला आणि गव्हर्नरसाठी मात्र १८८० च्या नियमाने एकच खूण केली.